चटणी डावीकडंच का? (मनूला पत्र)

प्रिय मनू,

तुझी व्हॉइस नोट दोनदा ऐकली, कारण पहिल्यांदा मधेच मागनं आजीचा आवाज आला "अगं डावीकडं, डावीकडं" आणि मला हसू आवरेना, पुढचं काही ऐकूच आलं नाही. इथं कॅनडात, मिसिसागात आता रात्रीचे अकरा वाजलेत म्हणजे सोलापुरात सकाळचे साडेआठ, तू अंघोळ करून शिरा नाहीतर चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसली असशील. टाईप करायला बसलोय खरा पण लांबणार हे, आधीच सांगतो. एखादा शब्द अडला तर आजीला विचार, मधला बीपीचा पॅरा तर तिलाच मोठ्यानं वाचून दाखव, मुद्दाम.

तर तुझे प्रश्न दोन. एक, शेंगाचटणी ताटात उजवीकडं वाढली म्हणून आजी का ओरडली, शेवटी सगळं पोटात जाऊन एकच होतंय ना. आणि दुसरा, इथल्या शाळेत तुम्हाला ती प्लेट शिकवली, अर्धी भाज्या-फळं, पाव धान्य, पाव प्रोटीन आणि प्यायला पाणी, त्यात आजीचं ताट कुठंच बसत नाही, मग चूक कुणाचं?

आजी ओरडली त्याचं वाईट वाटून घेऊ नको, मला तर ह्याच गोष्टीसाठी पळीचा फटका बसलाय, माझ्या आजीकडून. सातवीत असेन, घरी सत्यनारायण होता, मला मीठ-चटणी वाढायला दिलं होतं आणि मी एका ओळीत सगळ्यांना उजवीकडं चटणी वाढत सुटलो. पंगतीत काय असतं की मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडं लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड. उजवीकडं भाजी, उसळ, आमटीची वाटी. आणि समोर भात, पोळी, भाकरी जे असेल ते. मी विचारलं का म्हणून, तर आजी म्हणाली "डावं चाखायला, उजवं खायला, एवढं कळंना होय तुला?" बस. एवढंच एक्स्प्लेनेशन.

मला ते तेव्हा नाहीच कळलं, रीत म्हणून सोडून दिलं. कळलं ते दोन वर्षांपूर्वी, माझा शुगरचा रिपोर्ट आला तेव्हा. तीन महिन्यांची सरासरी काढतात ना ती टेस्ट, ती 6.2 आली, म्हणजे डायबेटिस नाही पण दारात येऊन उभा आहे. मग डाएटिशियनकडं पाठवलं. त्या बाईंनी कागदावर एक गोल काढला, तुमच्या शाळेतला तोच, कॅनडाचा 2019 चा फूड गाइड आहे तो, आणि म्हणाल्या तुमचं रात्रीचं जेवण ह्यात काढून दाखवा. मी काढलं. पोळी, भात, बटाट्याची भाजी, थोडं वरण, आणि कडेला लोणचं, पापड, शेव, शेंगाचटणी. त्यांनी विचारलं, ह्यात भाजी कुठाय? मी बटाट्यावर बोट ठेवलं, तर म्हणाल्या हा भाताच्या बाजूला धरायचा, हा पण स्टार्चच. मग राहिलं काय, पोळी भात बटाटा, तिघं सख्खे भाऊ एका ताटात, आणि डावीकडं चार-चार पदार्थांची जत्रा.

घरी येताना बसमध्ये डोक्यात लख्ख पडलं की अरे, आपलं ताट उलटं झालंय. डावी बाजू फुगली आणि उजवी आटली. माझ्या आजीच्या ताटात डावीकडचं जे काही असेल ते बोटाच्या पेरावर मावेल एवढं असायचं आणि उजवीकडं वाटीवर वाटी. जागा ठरलेली म्हणजे मापसुद्धा आपोआप ठरलेलं, वजनकाटा नको का अॅप नको. चटणी उजवीकडं आली की भाजीच्या मापानं खाल्ली जाते, आजी त्याच्यावर ओरडली गं, जागेवर नाही. म्हंजे तिला विचारलंस तर ती असं म्हणणार नाही, ती म्हणेल "असंच असतंय", पण मला वाटतं ते हेच.

आता ह्याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं असं पण नाही. मला एक गोष्ट पटत नाही, कोशिंबीर डावीकडं का? काकडी, गाजर, मुळा, दही, चांगली बाई ती, तिला लोणच्या-पापडाच्या शेजारी चमचाभर करून बसवलंय. आपल्या घरात मी तिला प्रमोशन दिलंय, उजवीकडं, वाटी भरून. आजीला सांगू नको, का सांग, बघू काय म्हणते.

तुझ्या शाळेच्या प्लेटची पण एक अडचण आहे, तिला वाटी दिसत नाही. आजी जे गरगटं करते, पालक चाकवत अंबाडी जी मिळेल ती पालेभाजी, तुरीची डाळ आणि मूठभर शेंगदाणे एकत्र शिजवून रवीनं घोटायचं आणि लसणाची फोडणी, ते कुठल्या खान्यात टाकशील? भाजी पण तीच आणि प्रोटीन पण तेच. सोबत ज्वारीची भाकरी. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन म्हणून एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर, आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत मिळतं, म्हणून भाकरी-आमटी, भाकरी-पिठलं ही जोडी जमते. हे कुणी लॅबमध्ये बसून ठरवलेलं नाही, जे शेतात यायचं तेच चुलीवर जायचं. मंगळवेढ्याकडची काळी जमीन, पाऊस थोडा, पावसाळा संपता संपता पेरायचं आणि नंतर नुसत्या जमिनीतल्या ओलीवर ज्वारी वाढते, मालदांडी म्हणतात तिला. त्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय टॅग पण मिळालाय. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रोटीन आणि तेवढाच फायबर, म्हणून भाकरी पोटात टिकते आणि साखर एकदम उसळत नाही. आपण इथं जो पांढरा ब्रेड आणतो त्यात एवढा फायबर कुठला.

आजी भाकरी थापताना बघ एकदा जवळ बसून. पाणी कडकडीत गरम घेते ती, कारण ज्वारीत ग्लुटेन नसतं, गव्हासारखं पीठ धरून राहत नाही, गरम पाण्यानं जरा चिकटपणा येतो. मी इथं गार पाण्यात केली होती पहिल्यांदा, तव्यावर नकाशा झाला भारताचा, काश्मीर वेगळं पडलं. पीठ पण जुनं होतं. तुझी आई अजून फोटो दाखवते लोकांना.

कडक भाकरी तुला चिप्ससारखी लागते म्हणालीस. बरोबर आहे, आवाज तोच. पण पाकिटामागं वाच, चिप्सच्या मागं तेल आणि मीठ, आणि कडक भाकरी म्हंजे पीठ, पाणी, मीठ, कधी तीळ. पाणी उडून गेलेलं म्हणून महिनाभर टिकते. टीव्हीसमोर काहीतरी कुडुमकुडुम पाहिजेच असेल तर ती खा, मला चालतंय.

आता शेंगाचटणी. तू विचारलंस एवढी तेलकट आहे म्हणजे जंक का? अगं ते तेल आजीनं नाही ओतलेलं. शेंगदाण्यातच वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं, भाजून लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटलं की ते सुटून बाहेर येतं, म्हणून तर मिक्सरच्या चटणीला ती चव नाही, मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो. आणि प्रोटीन जवळजवळ पाव भाग. म्हणजे चटणी चांगलीच, पण चमचाभर. मी शाळेत असताना भाकरी-चटणी म्हणजे चटणीच जास्त आणि भाकरी नावाला, वर पुन्हा कच्चं तेल सोडायचो. दह्यात कालव, कमी लागते आणि तिखट पण लागत नाही तुला. आणि गंमत म्हणजे शेंगा आणि मिरची दोन्ही मूळच्या तुझ्या बाजूच्या बरं का, अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीज आल्यावर भारतात आल्या. त्यामुळं आजी "तिकडचं खाणं" म्हणून नाक मुरडायला लागली की हे सांग तिला.

आषाढीला उपवास केलास आणि रोजच्यापेक्षा जास्त खाल्लंस, त्याला म्हणच आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी. पंढरपूर सत्तरएक किलोमीटरवर, त्यामुळं सोलापुरात ह्या उपवासाला कुणी नाही म्हणत नाही, आणि मग सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी वडे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, डाएटिशियनबाईंना दाखवला असता तर त्या खुर्चीवरनं पडल्या असत्या. पुढच्या उपवासाला आजीला भगर आणि दाण्याची आमटी मागून घे, भगर धान्यासारखी आहे, सोबत दह्यातली काकडी. खिचडी पण खा, एक वाटी. एक म्हटलंय मी.

आता हे आजीला मोठ्यानं वाच. आई, डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि तू फोनवर सांगितलं नाहीस, मला दादाकडनं कळलं. तू नातीला डावं-उजवं शिकवतीस आणि तुझ्या स्वतःच्या ताटात लोणचं दोन फोडी, पापड दोन, चटणी, वर ताकात मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगितलंय जागतिक आरोग्य संघटनेनं, म्हंजे एक छोटा चमचा, त्यात भाजी-आमटीतलं पण आलं. ताकात मीठ नको, जिरेपूड घाल. आणि वरनं मीठ वाढून घ्यायचं बंद. चिडू नको, मनूवर पण चिडू नको, तिनं फक्त वाचलंय.

आजोबांचं उदाहरण देईल ती लगेच, "त्यांना काय झालं होतं?" मनू, आजोबा सकाळी तीन भाकरी खाऊन सायकलवर अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात जायचे आणि दिवसभर मागासमोर उभे. मी तीन भाकरी खाऊन खुर्चीत बसतो आणि एलिव्हेटरनं खाली येतो. भाकरी तीच गं, पण खाणारा तो नाही राहिला. मी आता दीड भाकरीवर आलोय आणि उजवीकडं वाटी एक वाढवलीय. मागच्या महिन्यात रिपोर्ट 5.8 आला. जिंकलो बिंकलो नाही, पण दारातला पाहुणा जरा गेटपर्यंत मागं सरकलाय.

तू एवढं काही मोजत बसू नको, अकरा वर्षांची आहेस, भूक लागेल तेवढं जेव. फक्त आजीबरोबर लक्ष्मी मंडईत जात जा, मेथीची जुडी आणलीस की भाकरीसोबत दोन-चार काड्या कच्च्याच खाऊन बघ, कांद्याची पात पण. सोलापुरात ते चालतं, पुण्याची आत्या बघून डोळे मोठे करते. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळ, त्यातल्या व्हिटॅमिन सीनं उसळीतलं लोह अंगी लागतं. म्हणून तर लिंबाची फोड डावीकडं तयारच असते बघ. डाळिंब मिळालं तर दाणे काढून खा, ज्यूस करून नको. आणि काका पार्क चौकात भेळ खायला नेतो म्हणाला तर जा, बिनधास्त जा, ह्या पत्राचा दाखला देऊन त्याला नाही म्हणू नको, त्याचा हिरमोड होतो.

येताना दोन किलो ज्वारी आजीकडनं ताजी दळून घे, निघायच्या आदल्या दिवशी, आधी नको. कडक भाकरी कपड्यांच्या मधे ठेव नाहीतर इथं चुरा येतो. आणि शेंगाचटणी एका डब्यात, त्यावर दोन पिशव्या, आणि ती पिशवी माझ्या नव्या शर्टांपासून लांब. मागच्या वेळचा लसणाचा वास अजून एका शर्टाला आहे, ऑफिसात विचारतात.

तुझा,
बाबा