दोन वर्षं जुलाब, पोटफुगी, सोनोग्राफी नॉर्मल. निदान होईपर्यंत गहू बंद करून बघू का? (ठाणे)

नाही, गहू इतक्यात बंद करू नका. आधी सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) आहे का ते बघायला टीटीजी-आयजीए आणि सोबत टोटल आयजीए ही रक्ततपासणी करून घ्या. सिलिॲकमधल्या अँटिबॉडीज पोटात ग्लुटेन जात असेल तरच दिसतात, पोळी सोडली की त्या उतरतात आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो. माझ्या बहिणीने तपासणीआधीच गहू सोडला होता. मग तपासणीसाठी ६ आठवडे पुन्हा रोज पोळ्या खाव्या लागल्या. घोडबंदरहून स्टेशनला निघायचं तरी आधी वाटेतलं टॉयलेट आठवायची. फार हाल झाले हो तिचे. सोनोग्राफीत आतड्याचं आतलं अस्तर दिसत नाही, म्हणून स्टूल कॅलप्रोटेक्टिन या शौचाच्या तपासणीबद्दलही विचारा, आतड्याला सूज आहे का ते कळतं. मात्र शौचातून रक्त, रात्रीचा ताप किंवा वजन घटत असेल तर थेट गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टकडे (पोटविकारतज्ज्ञाकडे) जा. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो आणि तो क्रोन्ससारखाच (आतड्याला दीर्घकाळ सूज राहणारा आजार) दिसतो.