गोव्यात मुंबईच्या गिरणगावासारखा जुना, कामाचा आणि राहण्याचा एकत्र असा भाग आहे का? तो कसा वाढला?

आपला प्रश्न असा आहे की, जेथे उद्योगामुळे वस्ती झाली आणि वस्तीमुळे एक वेगळा स्वभाव तयार झाला, असा ऐतिहासिक भाग गोव्यातील एखाद्या शहरात आहे का. आहे. वास्को शहरापासून मुरगाव हार्बरपर्यंतचा पट्टा, म्हणजे खारीवाडा, बायणा, मांगोर हिल, सडा, हेडलँड आणि बोगदा हा सारा परिसर, मी त्यासाठी पुढे ठेवीन. दाबोळीला विमानातून उतरलेला पाहुणा बहुधा उलट्या दिशेने निघून जातो आणि गोवा पाहून आलो असे सांगतो, त्यामुळे या भागाबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. माझे बालपण सड्यावरील क्वार्टर्समध्ये गेले आणि वडिलांची सगळी नोकरी बंदरात झाली, म्हणून हे उत्तर थोडे लांबेल.

मुरगावचे महत्त्व पोर्तुगीजांना फार आधी कळले होते. झुआरी नदीच्या मुखाशी डोंगराच्या आडोशाला असलेल्या या जागेवर त्यांनी १६२४ मध्ये किल्ल्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने जुने गोवे धोक्यात आहे हे उघड झाल्यावर राजधानीच येथे हलवण्याचे ठरवले. काही बांधकामे उभीही राहिली, पण बेत रेंगाळत गेला आणि अखेर १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला. मुरगाव तसेच राहिले: एक किल्ला, थोडी कोळ्या-खारव्यांची घरे आणि जहाजांसाठी उत्तम खोल पाणी.

या भागाचा खरा जन्म रेल्वेमुळे झाला. डिसेंबर १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, त्यानुसार मुरगावला बंदर आणि तेथून घाटावर जाणारी रेल्वे बांधायची होती, आणि त्याच कराराने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. मीठ हा त्या काळी गोव्याचा मोठा व्यापार होता. मिठागरे ओस पडली आणि त्यावर जगणारी अनेक माणसे मुंबईची वाट धरून गेली. करार १८९२ मध्ये संपुष्टात आला, पण रूळ राहिले. लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीने हा मीटरगेज मार्ग बांधला. कंपनीच्या नावात ‘गॅरंटीड’ हा शब्द होता, कारण भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगाल सरकारने घेतली होती, आणि अपेक्षेएवढी मालवाहतूक कधीच न झाल्याने ही हमी सरकारला चांगलीच महागात पडली. १८८८ पर्यंत गाडी दूधसागरचा घाट चढून सरहद्दीपलीकडच्या कॅसलरॉक स्टेशनला पोहोचली होती आणि तेथून पुढे हुबळी-धारवाडचा कापूस या बंदराकडे येईल अशी कल्पना होती.

माझ्या मते या भागाचा सारा स्वभाव येथेच ठरला. गोव्यातील बहुतेक शहरे जुन्या गावाभोवती वाढली: गावकरी (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) होती, देऊळ किंवा चर्च होते, बाजार होता आणि त्याभोवती घरे वाढत गेली. वास्कोमध्ये आधी स्टेशन आणि धक्का आला, मग आखलेले सरळ रस्ते आले आणि माणसे सर्वांत शेवटी आली, तीही प्रत्येक जण आपापले गाव मागे ठेवून. वेंगुर्ल्या-मालवणकडची, बेळगाव-धारवाडची, पेडण्या-डिचोलीची, पुढे आंध्र आणि केरळमधलीही. त्यामुळे ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न वास्कोत पहिल्या भेटीतच विचारला जातो आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्याने हे बंदर काही काळ जगाच्या नकाशावर आले. तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज येथे अडकून पडले होते. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या हौशी ब्रिटिश सैनिकांच्या तुकडीने त्यांतील एकावर छापा घातला आणि चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडवली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिका आणि जपान यांनी आपापल्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदलही याच धक्क्यावर केली. आमच्या शाळेत यातले काहीच शिकवले गेले नाही, हे मात्र नवल.

वस्ती खऱ्या अर्थाने फुगली ती लोहखनिजामुळे. निर्यात चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि पुढे जपानच्या पोलाद कारखान्यांमुळे झपाट्याने वाढली. खाणी आतल्या तालुक्यांत आणि बंदर येथे, म्हणून माल नदीतून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींनी, येई. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा येऊन ती वाट बंद होते, तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरत आणि मुरगावला लागत. या बार्जच्या दुरुस्तीसाठीच १९५७ मध्ये पोर्तुगीजांनी येथे गोदी काढली, तीच आजची गोवा शिपयार्ड. तिच्या आधी, भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि १९५५ मध्ये सरहद्दीपलीकडची रेल्वे थांबली, तेव्हा दाबोळीचा विमानतळ उभा राहिला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६४ मध्ये बंदराचा कारभार पाहणारे पोर्ट ट्रस्ट आले, नौदल दाबोळीला आले आणि सत्तरच्या दशकात सांकवाळच्या पठारावर खताचा कारखाना सुरू झाला. प्रत्येक पाहुण्याने आपली वसाहत बांधली. म्हणून आजही येथील पत्ता रस्त्याच्या नावाने सांगण्यापेक्षा पोर्टचे क्वार्टर्स, रेल्वेचे क्वार्टर्स, नेव्हीची कॉलनी असा सांगितला जातो.

ज्यांना क्वार्टर्स मिळाले नाहीत, त्यांनी डोंगर धरला. मांगोर हिल आणि बायणा येथील झोपडपट्टी ही हमाली, बांधकाम आणि धक्क्यावरची रोजंदारी करणाऱ्यांची आहे. बायणा म्हटले की बाहेरच्यांना फक्त २००४ मध्ये पाडलेली वेश्यावस्ती आठवते. कारवाई झाली तेव्हा भर पावसाळा होता आणि तेथील बायकांच्या पुनर्वसनाची गोष्ट जितक्या जोरात बोलली गेली तितक्या जोरात पुढे झाली नाही, असे माझे मत आहे.

आमच्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर लाल धूळ बसत असे. आई सकाळी कपडे वाळत घालण्याआधी दोरी ओल्या फडक्याने पुसून घेई, तरीही शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्याला एक तांबूस रेघ उमटायचीच, आणि त्या रेघेवरून मडगावच्या मुलांना आम्ही कुठले ते कळायचे. वडील गमतीने म्हणत, ही धूळ म्हणजे आपला पगार, ती दिसेनाशी झाली की काळजी करायची. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केल्या, तेव्हा ती लाल धूळ खरोखरच दिसेनाशी झाली. तोवर बंदरात दगडी कोळशाची आवक वाढली होती आणि आता तोच कट्टा काळा होतो. लाल डाग निदान साबणाने निघत असे. तक्रार करावी तर प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते, हा माझा स्वतःचा तीन खेपांचा अनुभव आहे. रेल्वेच्या दुपदरीकरणाला आणि कोळशाला गोव्यात जो विरोध झाला, तो येथे राहून पाहिल्यास अधिक नीट समजतो, पण बंदर बंद पडावे असे सड्यावर मनापासून कोणाला वाटत नाही, हेही तितकेच खरे.

२०११ च्या जनगणनेत मुरगाव पालिका क्षेत्राची (वास्को शहर त्यातच येते) लोकसंख्या ९४ हजारांवर होती, म्हणजे पणजीच्या दुपटीहून अधिक. तरीही पणजी-मडगावचे लोक वास्कोला ‘भायल्यांचे’, म्हणजे बाहेरून आलेल्यांचे, शहर म्हणतात. त्यांना मी श्रावणात दामोदर सप्ताहाला या असे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शहर नुकतेच वसत असताना, येथे साथीचा रोग पसरला. तेव्हा काही मंडळी जांबावलीला दामोदराच्या देवळात गेली, तेथून प्रसादाचे श्रीफळ आणले आणि त्यासमोर अहोरात्र भजन केले, अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. नाव सप्ताह असले तरी अखंड भजन चोवीस तासांचे असते. बाजारकर, नाभिक, दैवज्ञ अशा निरनिराळ्या समाजांचे पार (मिरवणुका) वाजत-गाजत येतात, बाहेर फेरी (जत्रेचा बाजार) भरते आणि मराठी अभंग, कोकणी बोलणे आणि कानडी खेळणीवाल्यांची आरोळी एकाच रस्त्यावर ऐकू येते. वडील रात्रपाळी संपवून परस्पर तेथे जात आणि कामाच्या बुटांवर रांगेत उभे राहत. दुसऱ्या दिवशी मागच्या वर्षीचे श्रीफळ समुद्रात सोडतात आणि नवे वर्षभर देवापुढे राहते.