दोन थ्रेड एकच काउंटर वाढवतात, तरी बेरीज कमी का भरते?

तुमचे दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणारी दोन कामं) प्रत्येकी १० लाख वेळा काउंटर वाढवतात, तरी उत्तर २० लाख न येता दर वेळी वेगळं आणि कमीच येतं. मध्ये प्रिंट टाकलं की मात्र बरोबर येतं. खोट 'काउंटर++', म्हणजे काउंटर एकने वाढवणाऱ्या ओळीत आहे.

दिसायला ती एक कृती असली तरी प्रोसेसरसाठी सहसा तीन असतात: मेमरीतली किंमत रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत) आणायची, एक मिळवायचा, परत मेमरीत लिहायची. एका थ्रेडने ४१ वाचले आणि तेवढ्यात दुसऱ्यानेही ४१च वाचले, तर दोघेही ४२ लिहितात. वाढवलं दोनदा, वाढलं एकदाच. प्रोसेसरमध्ये सूचना चालवणारा कोअर एकच असला तरी सुटका नाही. टायमरचा इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा इशारा) आला की ऑपरेटिंग सिस्टीम थ्रेडला या पायऱ्यांच्या अधेमधेही थांबवू शकते. त्याची रजिस्टरं ती जशीच्या तशी जपते, त्यामुळे पुन्हा पाळी आल्यावर तो शिळी किंमत घेऊनच पुढे चालू लागतो.

किमान १० लाख तरी भरतील असं वाटतं ना? आकडा अगदी २ पर्यंत उतरू शकतो. पहिला थ्रेड ० वाचून थांबला. दुसऱ्याने शेवटची फेरी सोडून सगळ्या फेऱ्या संपवल्या. मग पहिल्याने १ लिहिला, दुसऱ्याने शेवटच्या फेरीसाठी तो १ वाचला आणि थांबला. पहिल्याने उरलेलं सगळं काम उरकलं आणि शेवटी दुसऱ्याने २ लिहिले. कागदावर एकदा मांडून बघाच, मला हा विषय तिथेच खरा कळला.

प्रिंट हे संथ काम आहे, शिवाय बहुतेक लायब्ररी त्यासाठी आतून लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारं कुलूप) घेतात. त्यामुळे दोन्ही थ्रेडची नेमकी काउंटरच्या ओळीपाशी क्वचितच गाठ पडते. चूक मात्र तशीच राहते. मी एकदा अशाच चुकीपायी तीन दिवस जागोजागी स्लीप (थ्रेडला थोडा वेळ थांबवणारी आज्ञा) टाकत बसलो होतो. ती विरळ झाली, गेली नाही, आणि विरळ चूक चाचणीत सापडत नाही म्हणून जास्त घातक.

उपाय म्हणजे त्या ओळीभोवती म्युटेक्स, म्हणजे असंच एक लॉक, किंवा अ‍ॅटॉमिक प्रकारचा काउंटर, ज्यात त्या तीन पायऱ्या मध्ये न तुटता एकदम होतात. किंमत दर वेळी मेमरीतूनच वाचायला लावणाऱ्या सी भाषेतल्या 'व्होलाटाइल' या शब्दाने हे होत नाही, त्याच्या नादी लागू नका. तुमच्या कामासाठी मी तर प्रत्येक थ्रेडला स्वतःचा काउंटर देईन आणि दोघे संपल्यावर बेरीज करेन, म्हणजे प्रत्येकी १० लाख वेळा लॉक घ्यायला नको. म्युटेक्सच वापरलंत, तर थ्रेड चालू असताना काउंटर नुसता वाचायचा असला तरीही तेच म्युटेक्स घ्या.