चर्चमध्ये सतत ‘साक्ष द्या’ सांगतात, पण माझ्यासारख्या साध्या विश्वासणाऱ्याला प्रभूबद्दल कुणाशी बोलावंसंच वाटत नसेल तर काय करावं?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की बदली होऊन सोलापूरला बँकेत आलात, रविवारची उपासना चुकवत नाही, पण ‘या महिन्यात कुणाला सुवार्ता सांगितली?’ असं पाळकसाहेबांनी विचारलं की मान खाली जाते. आईच्या आजारपणात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं ‘तुम्ही इतके शांत कसे राहता?’ असं विचारलं, तर ‘असंच’ म्हणून तुम्ही विषय बदलला. आणि तेव्हापासून आपला विश्वास खरा आहे की नाही, हीच शंका मनात घर करून बसली आहे.

विश्वास खोटा असता तर ते ‘असंच’ तुम्हाला इतके दिवस बोचलं नसतं. मी सोलापूरचीच. नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झाले, मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, महिला मंडळात आहे, आणि हाच प्रश्न मी आमच्या बायकांकडून वेगळ्या शब्दांत ऐकत आले आहे: ‘मला बाई बोलता येत नाही.’ माझं मत असं की आपल्यात इच्छा नसते असं नाही. बोलण्याची जी पद्धत आपल्यासमोर आहे ती उपदेशकाची आहे. ती आपल्याला जमणार नाही हे आपल्याला आतून माहीत असतं, म्हणून आपण बोलणंच सोडून देतो.

ही पद्धत आपल्यात मुरली त्यालाही कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ साली सुरू झालं, १८३१ मध्ये अहमदनगरला आलं आणि पुढे सोलापूरला. मिशननं शाळा काढल्या, मंडळ्या उभ्या केल्या, आणि गावोगाव फिरून सांगायला उपदेशक आणि बायबल स्त्रिया नेमल्या. या माणसांचे उपकार मी विसरत नाही. उन्हातान्हात बैलगाडीतून, पायी हिंडणाऱ्या, घराघरांत बसून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या त्या स्त्रियांमुळे माझ्यासारख्या कितीतरी घरांत पुस्तक आलं. पण त्यातून एक सवयही लागली. सांगणं हे मिशनच्या माणसाचं काम, आपलं काम ऐकायचं आणि वर्गणी द्यायची. मिशनचा काळ संपला, १९७० साली उत्तर भारतातली मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, कारभार आपल्या हातात आला, तरी ही सवय काही गेली नाही. पाळक सांगतील, बाहेरून आलेले वक्ते सांगतील, आपण मागच्या बाकावर.

आता बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडून आठवा अध्याय बघा. स्तेफनाच्या मृत्यूनंतर यरुशलेमेत छळ सुरू झाला आणि प्रेषित सोडून बाकी सगळ्यांची पांगापांग झाली. म्हणजे ज्यांना आपण सांगणारे समजतो ते गावातच राहिले, आणि बाहेर पडले ते साधे लोक. वचन सांगत फिरले तेही हेच. अकराव्या अध्यायात त्यांच्यातले काही अंत्युखियात पोचतात आणि हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, लोकांशीही बोलू लागतात. तिथे एवढी मोठी मंडळी उभी राहिली की शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा त्याच शहरात मिळालं. आणि हे काम करणाऱ्यांची नावं? ‘कुप्र व कुरेने इथले काही जण’ एवढंच लिहिलंय. बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) तिथे नंतर आले. घरदार सोडून आलेले हे लोक नव्या शहरात काम शोधत असतील, खोली बघत असतील, आणि कुठून आलात, का आलात असं कुणी विचारल्यावर खरं ते सांगत असतील, असं चित्र माझ्या डोळ्यासमोर येतं. बदली होऊन आलेल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये.

दुसरी गोष्ट तुम्हाला सोलापुरातच बघायला मिळेल. संक्रांतीला गड्डा यात्रा भरते, सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, ‘हर्र बोला हर्र’च्या गजरात रस्ते दुमदुमतात. त्या दिवसांत कुठल्याही गल्लीत बसा, लोक आपल्या देवाबद्दल किती मोकळेपणानं बोलतात ते ऐका. कुणाचा नवस फेडायचा राहिलाय, कुणाच्या पोराला यंदा नंदीध्वजाच्या काठीला हात लावायला मिळाला. मराठीत बोलतात, कन्नडमध्ये बोलतात, तेलुगूत बोलतात. कुणालाही ते प्रवचन वाटत नाही, कारण ते सांगत असतात ते आपल्या घरात घडलेलं असतं. या शहरात देवाविषयी बोलणं ही परकी गोष्ट मुळीच नाही. गप्प बसतो ते आपण. नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांची ताटं शेजारी पाठवतो, आणि शेजारच्या वहिनींनी ‘तुमच्या नाताळात नेमकं काय असतं हो?’ असं विचारलं की ‘येशूचा वाढदिवस’ एवढं बोलून दारातून परत फिरतो. त्या वहिनींना खरंच जाणून घ्यायचं असतं. जास्त सांगितलं तर वाईट दिसेल हे आपणच ठरवून टाकलेलं असतं.

आणखी एक अडचण मला फार महत्त्वाची वाटते. सभांमधून ज्या साक्षी आपण ऐकतो त्या बहुतेक मोठ्या असतात. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि माणूस उठून बसला, दारू एका रात्रीत सुटली. त्या खऱ्या असतील, मी शंका घेत नाही. पण त्या ऐकून साधा माणूस म्हणतो, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. माझे यजमान आजारी पडले तेव्हा आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, आणि ते बरे झाले नाहीत. गेले. मग मी कसली साक्ष द्यायची? बराच काळ मला वाटे की आपली प्रार्थना ऐकली गेली नाही हे चारचौघांत सांगणं म्हणजे प्रभूचा कमीपणा.

आमच्या शेजारी पूर्व भागातून राहायला आलेल्या एक अक्का आहेत, पद्मशाली समाजाच्या. आयुष्यभर विड्या वळल्या. सकाळी पानं भिजवायची, कातरायची, दिवसभर सूप मांडीवर घेऊन वळायच्या आणि मोजून कारखान्याच्या ब्रँचला द्यायच्या. त्यांचे यजमान यंत्रमागावर होते, तेही गेले. एकदा संध्याकाळी त्या माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुमी रात्री म्हणता ते काय असतं? मला भिंतीतनं ऐकू येतंय. मला रात्री झोप नाही येत, मग मी ते ऐकत बसते.’ मी त्यांना सांगितलं की ते दाविदाचं तेविसावं स्तोत्र. यजमान गेल्यावर घर खायला उठायचं, मला एकटीला रात्र काढता येत नव्हती, तेव्हा मी ते मोठ्यानं म्हणायला लागले. मेंढपाळ आपल्या मेंढराबरोबर काळोख्या खोऱ्यातून चालतो असं त्यात आहे. खोरं टळतं असं कुठंच लिहिलेलं नाही, तो बरोबर असतो एवढंच आहे, आणि तेवढं मी अनुभवलं. अक्का खूप वेळ त्यांच्या नवऱ्याबद्दल बोलत राहिल्या. मी ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘माझ्यासाठी म्हणाल का?’ मी म्हटलं.

अक्का आजही मार्कंडेय मंदिरात जातात. रात्री कधी कधी माझ्याकडे येऊन बसतात, नातीच्या परीक्षेसाठी प्रार्थना करा म्हणतात. पुढे काय व्हायचं ते देवाच्या हातात आहे. हे लिहिलं ते अशासाठी की त्या संध्याकाळी मला धैर्य गोळा करावं लागलं नाही. माझ्याकडे खरं काहीतरी होतं, समोर माझी जवळची बाई दुःखात होती, आणि तिनं विचारलं होतं. या तीन गोष्टी जुळून आल्या की इच्छा आपोआप येते. नुसता ‘सांगितलं पाहिजे’ हा धाक असला की येत नाही.

तुमच्या मनातली भीती मात्र मी उडवून लावणार नाही. ती खरी आहे. लोक गैरसमज करून घेतात, पैसे देऊन बाटवतात असं बोलतात, घरात भांडणं होतात. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांना आणखी एक काळजी असते, आणि तिच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. त्यामुळे मनानं प्रभूचे आणि कागदावर वेगळे अशी माणसं प्रत्येक मंडळीत आहेत. त्यांना ‘उघड साक्ष का देत नाही’ म्हणून टोचणाऱ्यांचा मला फार राग येतो. पोराची फी, वसतिगृहातली जागा, नोकरी यांचा प्रश्न असताना माणूस कोणत्या ओझ्याखाली आहे हे आधी बघावं.

कायद्याचं म्हणाल तर संविधानाच्या कलम २५ मध्ये आपला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचाही हक्क सगळ्यांना आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आपली शिकवण समजावून सांगणं या हक्कात बसतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. मला हे योग्यच वाटतं. मन पालटणं हे काम मुळात आपलं नाहीच, ते पवित्र आत्म्याचं. मी नोकरीत असताना एक नियम कडक पाळला: खाटेवरच्या रुग्णाशी स्वतःहून हा विषय काढायचा नाही. तो उठून जाऊ शकत नाही, सलाईन माझ्या हातात आहे, अशा वेळी त्याचं ‘हो’ खरं नसतं. तुम्ही बँकेत आहात. कर्जाची फाईल घेऊन आलेला शेतकरी किंवा तुमच्या हाताखालचा शिपाई, यांच्याशी असंच वागा. मदतीला कधी अट जोडू नका. आणि दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून आपल्या प्रभूचा मोठेपणा सांगता येत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, जो विचारेल त्याला आपल्या आशेबद्दल उत्तर द्यायला तयार असा असं सांगितलंय, आणि लगेच पुढे ते सौम्यतेनं द्या असंही.

बरोबरीच्या माणसाशी बोलणं वेगळं. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी परदेशी प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि त्यानं त्यांना नवा करार दिला. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं, १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा? १९०० मध्ये, राहुरीला. घरातलं माणूस, रोजचं डोळ्यांसमोरचं, तरी पाच वर्षं, आणि मधली वर्षं दोघांनाही फार जड गेली. म्हणून एका बोलण्यातून काही झालं नाही तर हताश होऊ नका.

बोलायचं मन होत नसेल तर ते मागता येतं, हेही आपण विसरतो. कृत्यांच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान धमक्या ऐकून आपल्या लोकांकडे परत येतात, आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. धमक्या बंद होऊ देत असं ते मागत नाहीत, बोलायला धैर्य दे असं मागतात. म्हणजे तेव्हा त्यांच्यापाशी ते पुरेसं नव्हतं. खुद्द पौल करिंथकरांना लिहितो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, घाबरलेलो होतो, कापत होतो. तुम्ही एकट्यानं ओझं वाहू नका. मंडळीतल्या एकदोघांना खरं सांगा की मला बोलायला जमत नाही. बहुधा तेही तेच सांगतील. मग मिळून एकेका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा. ज्याच्यासाठी आपण रोज प्रार्थना करतो त्याची विचारपूस केल्याशिवाय आपल्याला राहवत नाही, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या सहकाऱ्याला आता वेगळं बोलावून काही समजावू नका. डबा खाताना सहज म्हणा, ‘त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, मी नीट उत्तर दिलं नाही. आई आजारी असताना मी रोज प्रार्थना करत होतो, त्यानं मला धीर मिळाला.’ एवढं पुरे. त्यांना पुढे विचारायचं असेल तर ते विचारतील, नाही विचारलं तर त्यांच्या घरचं विचारा. मार्काच्या पाचव्या अध्यायातला तो कबरांमधला माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर जाऊ दे म्हणून विनवत होता. येशूनं त्याला बरोबर घेतलं नाही, घरी आपल्या लोकांकडे जा आणि प्रभूनं तुझ्यावर कशी दया केली ते सांग म्हणाला. त्याला कुठलंही प्रशिक्षण नव्हतं, आणि दकापलीसमध्ये लोक त्याचं ऐकून थक्क झाले.

आणि पाळकसाहेबांना जाऊन भेटा. किती जणांना सांगितलं हे मोजण्याऐवजी उपासनेत दर रविवारी एका साध्या माणसाला पाच मिनिटं द्या म्हणावं: रिक्षावाल्याला, शिक्षिकेला, मागावरच्या कामगाराला. आठवड्यात प्रभूनं मला कसं सांभाळलं, प्रार्थनेचं उत्तर मिळालं किंवा नाही मिळालं, जे घडलं ते. आपल्या माणसांत बोलायची सवय झाली की बाहेर जीभ अडखळत नाही. आमच्या महिला मंडळात आम्ही हे सुरू केलंय. ‘मला बोलता येत नाही’ म्हणणाऱ्या एक मावशी आता थांबवल्याशिवाय थांबत नाहीत, आणि त्यांना थांबवावं असं मला वाटत नाही.