मार्सेलला जरूर जा, पण कर्ज काढून नको

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलं आहे: वय 54. पत्नीला घेऊन फ्रान्समधल्या मार्सेलला जायचंय. 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून ज्या बंदरात उडी घेतली, तिथे त्याच तारखेला उभं राहायची इच्छा आहे. टूरवाल्यांचं पॅकेज दोघांना सहा लाखांना पडतंय. नऊ लाखांची एफडी आहे, पण ती पुढच्या फेब्रुवारीत पिकणार. तोवर पर्सनल लोन काढून याच जुलैत जाऊन येऊ का?

नको. सहा लाख 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलेत, तर हप्ता साधारण 20,200 रुपये बसतो आणि नुसतं व्याजच सव्वा लाखाच्या वर जातं. तेवढ्यात मार्सेलच्या साध्या हॉटेलात दोघांचा आठवडा निघेल. एफडी मोडायचीही घाई नको. ठरलेलं व्याज मिळत नाही, वर दंड.

मला जास्त खटकलं ते तुम्ही पाठवलेलं वेळापत्रक. पॅरिस, स्वित्झर्लंड, मिलान आणि मार्सेल फक्त अर्धा दिवस! ज्या गावासाठी तुमचा जीव अडकलाय, तिथे बसमधून उतरून फोटो काढायचा आणि निघायचं. यासाठी सहा लाख मोजू नका.

मार्सेलमध्येच मुक्काम ठेवा. पॅरिसहून वेगवान रेल्वेने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. सकाळी जुन्या बंदराच्या धक्क्यावर कोळी ताजी मासळी मांडून बसतात, ते बघायला तिकीट नाही. टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चलाही नाही. आर्लचं रोमन रंगमंडल रेल्वेने तासाभरावर, समुद्रकाठचं कासी गाव त्याहून जवळ. मार्सेलमधल्याच मझार्ग भागातल्या युद्धस्मशानात पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या कबरी आहेत. तिथेही वेळ काढून जाच. बुयाबेस हे तिथलं माशांचं कालवण चांगल्या ठिकाणी माणशी 60-70 युरोंच्या पुढे जातं. एकदा खा, पण ते बजेटमध्ये धरा.

आता तारीख. जूनपासून सप्टेंबरअखेर वणव्याच्या धोक्यामुळे कालांक म्हणजे मार्सेलजवळच्या समुद्रकाठच्या खडकाळ कड्यांमधल्या पायवाटा कधीही बंद ठेवतात, शिवाय जुलैत विमानभाडंही चढं असतं. मी असतो तर मे गाठला असता. पण 8 जुलै तुमच्यासाठी महत्त्वाची आहे, ते मी खोडणार नाही. मग पुढच्या वर्षीची 8 जुलै धरा आणि कालांक बोटीतून पाहा.

फेब्रुवारीत नऊ लाख हाती आले की तीन लाख अडीअडचणीसाठी बाजूला काढा आणि सहलीला पाच लाखांची मर्यादा घाला. उरलेला लाख पुन्हा एफडीत टाका. पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर, कापतात. तो प्राप्तिकराचं रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी माणशी 90 युरो, ती व्हिसा नाकारला तरी परत येत नाही. किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून एफडी पिकली की लगेच कागदपत्रांना लागा. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत हॉटेल-तिकिटं रद्द करता येतील अशीच घ्या.