रॉकरची टकटक आणि तेलाची वाट

प्रश्न : माझ्या 1967 च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे (1798 सीसी) टॅपेट, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली गॅप, दोनदा 15 थाऊवर (इंचाचे हजारावे भाग) सेट केले, तरी वरून टकटक येतेच. मेकॅनिक म्हणतो, 12 थाऊवर आणा, आवाज बसेल. आणू का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : अजिबात नको. थंड इंजिनला 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिमी, हेच बरोबर माप आहे. गॅप कमी केली की व्हॉल्व्ह सीटवर कमी वेळ टेकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमधून बाहेर जाते, त्यामुळे तो आधी जळतो. आवाज बसेल, पण चार महिन्यांनी हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवावे लागेल.

बहुधा तुमचा फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) फसवतोय. रॉकरचे जे टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकते, तिथे दांड्याच्या रुंदीचा खळगा पडलेला असतो. गेजची पाती रुंद असल्यामुळे ती खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते. पाती 15 सांगते, खरी गॅप मात्र 15 अधिक खळग्याची खोली. त्या टोकावरून नख फिरवून पाहा. कडेला अडकले, तर दोष तिथेच आहे. खरी गॅप मोजायची तर रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकावर सुईने हालचाल दाखवणारा डायल गेज लावा आणि रॉकर हाताने वरखाली हलवा.

गॅप तपासताना नऊचा हिशेब लक्षात ठेवा. 8 नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना 1 नंबर तपासायचा, 6 उघडा असताना 3. दोन आकड्यांची बेरीज नेहमी नऊ.

रॉकर उतरवायची वेळ आली, तर आधी रेडिएटरचे पाणी काढा. या इंजिनात रॉकर धरणाऱ्या आठ नटांपैकी चार नट हेडचेही असतात. फक्त तेवढेच सोडले तर हेडवर वाकडा ताण येतो आणि पाणी गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये किंवा सम्पमध्ये (तळाच्या तेलटाकीत) उतरते. म्हणून हेडचे सगळे अकरा नट क्रमाने, थोडेथोडे करत सैल करा. मॅन्युअलमधली ही ओळ वगळणारे गॅरेजवाले खूप आहेत.

शाफ्ट (ज्यावर रॉकर हलतात तो दांडा) काढल्यावर त्याची खालची बाजू पाहा. रॉकरच्या एका टोकाला पुशरॉड (खालून ढकलणारी काठी) आणि दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हची स्प्रिंग, दोघेही वर ढकलतात, म्हणून घासते ती शाफ्टची खालची बाजू. रॉकरखाली बोटाला पायरी लागली, तर शाफ्ट बाद. तोच शाफ्ट उलटा फिरवून बसवायची युक्ती करू नका. तेलाची भोके खालीच राहिली पाहिजेत, आणि लोकेटिंग स्क्रू त्याच्या जागीच बसला पाहिजे. शाफ्टच्या टोकाचा स्क्रू-प्लग काढून आतला गाळ तारेने साफ करा. बुश (रॉकरच्या भोकातली नळी) बदलला, तर दाबून बसवल्यावर रॉकरच्या भोकाशी जुळवून बुशला भोक पाडा आणि मगच रीमर (भोक मापात आणणारे हत्यार) चालवा. हे भोक बुजलेले राहिले, तर तेल रॉकरच्या टोकापर्यंत पोचतच नाही आणि नवा खळगा पडतो.

जोडताना रॉकरच्या ब्रॅकेटचे नट 25 फूट-पौंडाला (आवळण्याच्या जोराचे माप), हेडचे 45 ते 50 ला, मधून बाहेर जात. मग स्पार्क प्लग काढून स्टार्टर थोडाथोडा फिरवा. आठही रॉकरांवर तेल दिसेपर्यंत इंजिन चालू करू नका.

अॅम्बेसेडरचे रॉकर चालतील का, हेही तुम्ही विचारले आहे. तिचे 1489 सीसीचे इंजिन त्याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातले, त्यामुळे रॉकर दिसायला सारखेच. पण शाफ्टचे भोक, रॉकरच्या दांड्याची लांबी आणि तेलाचे भोक जुन्या रॉकरशेजारी ठेवून जुळवा, नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका.

प्रश्न : स्टँडर्ड हेराल्ड गाडीच्या रॉकरला तेल पोचत नाही. बाहेरून पाइप टाकणारा किट बसवावा का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : आधी मूळ वाट तपासा. ट्रायम्फच्या या इंजिनात (स्पिटफायरचे घराणे हेच) कॅमशाफ्टच्या मागच्या बेअरिंगवरून तेल ब्लॉक आणि हेडमधल्या भोकांतून मागच्या ब्रॅकेटमध्ये चढते. पुढचे रॉकर कोरडे आणि मागचे ओले दिसले, तर शाफ्टमध्ये गाळ आहे किंवा मागचे बुश सैल होऊन तेल तिथेच गळते आहे. साफसफाई आणि नवा शाफ्ट एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागते.

किट मुख्य गॅलरीतून (ब्लॉकमधली तेलाची मोठी वाट) पूर्ण दाबाने तेल वर नेतो. तेच तेल क्रँकशाफ्टच्या मेन आणि बिग-एंड बेअरिंगांच्या वाट्याचे असते. शिवाय वर पूर आला की इनलेट गाइडमधून (इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्याची नळी) तेल उतरून जळते आणि निळा धूर दिसतो. लावायचाच असेल, तर पाइपात सुमारे 1 मिमी भोकाचा अडसर टाका. आमचे मत विचाराल तर रोजच्या गाडीला याची गरज नाही. टॅपेट 0.010 इंचावर, इंजिन थंड असताना.

प्रश्न : नव्या तेलात झिंक (झीज रोखणारा घटक) कमी असते म्हणतात, मग जुन्या इंजिनात काय टाकावे?
— एक वाचक, मकरपुरा

उत्तर : 20W-50 खनिज तेल. एपीआय एसएन (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा तेलाचा दर्जा) वर्गातली फॉस्फरसची (झिंक त्याच्याच संयुगातून येते) 0.08 टक्के मर्यादा 5W-30 सारख्या पातळ ग्रेडना लागू आहे, 20W-50 ला नाही. झिंकची खरी गरज कॅम आणि टॅपेटला (इथे टॅपेट म्हणजे कॅमवर घासून पुशरॉड उचलणारा तुकडा), रॉकरच्या टोकाला ती त्यानंतर. कॅम नवा बसवला असेल तर पहिली 20 मिनिटे इंजिन 2000 आरपीएमच्या खाली येऊ देऊ नका. आयडलवर कॅमला तेलाचा शिडकावा पुरेसा मिळत नाही. वडोदऱ्याच्या मे महिन्यात हे काम पहाटे करा, कारण उभ्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही.