घरचं लग्न, फर्मचं बिल आणि कोर्टातला हिशेब

प्रश्न : वकीलताई, मी नंदनवनला राहतो. धाकट्या भावासोबत भागीदारीत मांडव-डेकोरेशनचं काम करतो. फेब्रुवारी 2025 मध्ये मुलीचं लग्न केलं, जेवणाचं काम ओळखीच्या केटररला दिलं. जूनमध्ये त्यानं माझ्यावर 2,10,000 रुपयांचा दावा लावला. समन्स ऑक्टोबरमध्ये हाती आलं. मी यूपीआयनं दिलेले 50,000 ॲडव्हान्स त्यानं धरलेच नाहीत. सप्टेंबर 2022 मध्ये माझ्या खात्यातून त्याला 60,000 उसने दिले, ते बाकी आहेत. आमच्या फर्मचं 1,35,000 चं बिलही त्याच्याकडे थकलं आहे. म्हणजे उलट माझेच 35,000 निघतात. मग मी काहून देऊ?

उत्तर : भाऊ, तुमची बेरीज बरोबर आहे, पण या तीन रकमा कोर्टात तीन वेगळ्या वाटांनी जातात.

वजावट म्हणजे समोरच्याकडून तुम्हाला येणं असलेले पैसे त्याच्या दाव्याच्या रकमेतून वळते करणं. ॲडव्हान्स ही वजावट नाहीच, तो भरणा आहे. कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या तुमच्या लेखी उत्तरात, तसं लिहा आणि बँकेचा उतारा जोडा. त्यावर कोर्ट फी नाही.

उसने दिलेले 60,000 मात्र खरी वजावट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8, नियम 6 प्रमाणे रक्कम ठरलेली हवी आणि वसूल करता येण्यासारखी हवी. उसन्या पैशाची मुदत तीन वर्षं. आज वेगळा दावा लावायला गेलात तर ती उलटलेली आहे. पण मुदत कायद्याच्या कलम 3 प्रमाणे वजावटीची मागणी मूळ दाव्याच्या तारखेलाच केली असं धरतात. केटररनं दावा जूनमध्ये लावला, तेव्हा तुमची तीन वर्षं भरली नव्हती. हे पैसे अजून हातचे गेलेले नाहीत. मात्र या रकमेवर कोर्ट फी भरावी लागेल आणि मागणी कैफियतीतच मांडावी लागेल. समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात, सबळ कारण दाखवलं तर 90 पर्यंत. माझ्या एका अशिलानं असलेच पैसे उलटतपासणीत तोंडी सांगितले. कागदावर एक ओळ नव्हती. ते गेले, आणि त्याचा चेहरा मी आजही विसरले नाही.

अडचण फर्मच्या बिलाची आहे. दोन्ही पक्ष मूळ दाव्यात ज्या नात्यानं उभे आहेत, त्याच नात्यानं वजावटीतही असावे लागतात. दावा तुमच्यावर आहे, मुलीचे वडील म्हणून. बिल फर्मचं, म्हणजे त्यात तुमच्या भावाचाही वाटा. ते तुमच्या घरच्या देण्यात वळवता येत नाही. भावावरही तो अन्यायच होईल. फर्मनं वेगळा दावा लावावा, आणि त्याआधी फर्म नोंदलेली आहे का ते आजच बघा. नोंदणी नसेल तर भागीदारी कायद्याचं कलम 69 आडवं येतं, अगदी वजावटीच्या मागणीलाही.

मला विचाराल तर कैफियत वेळेत द्या आणि लगेच लोकअदालतीसाठी अर्ज करा. फर्मचं बिल अजून कोर्टात नसलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत तेही दाखलपूर्व प्रकरण म्हणून तिथं ठेवता येतं. कोर्ट जे वळवू शकत नाही, ते तुम्ही तिघं राजीनं वळवू शकता. तडजोडीवर भावाची सही हवीच, तेव्हा त्याला त्या दिवशी सोबत घेऊन या.